आभाळाची थोरली

"ढवळ ढवळ बाई, दूध नव्हे ही गं माती,
आभाळाच्या थोरलीला घडवू दे माझ्या हाती."

आत्याचा हा आवाज मी बोलायला शिकायच्या आधीपासून ऐकत आले. आवाज गोड मुळीच नव्हता. न तासलेल्या लाकडासारखी त्याला कड होती आणि सूर मधेच घरंगळत भलतीकडे जायचा. पण ते गाणं कुणी ऐकावं म्हणून नव्हतंच. पाण्यात प्लास्टर पडलं की गाणं सुरू व्हायचं, आणि गाणं संपायच्या आत ते साच्यात गेलेलं असायला हवं. कारखान्याच्या भिंतीवर घड्याळ होतं, चालूही होतं, पण ओतताना त्याच्याकडे कुणी मान वळवत नसे. शेवटच्या ओळी आल्या की सगळ्यांचे हात पळायचे.

"घाई करू नको बाई, उशीर करू नको,
घट्ट होईल चांदणं, मग मला बोलू नको."

त्या 'बोलू नको'पर्यंत बादली रिकामी झाली नाही, तर प्लास्टर बादलीचाच आकार घेऊन बसायचं आणि आत्या मात्र बोलायची. भरपूर बोलायची.

काथ्याच्या ढिगावर बसून पाय हलवता हलवता मी एकदा विचारलं, "आत्या, आभाळाची थोरली म्हणजे कोण?"

"चंद्र."

"चंद्र तर मामा असतो."

"मामा कुणी केला?" तिचा हात थांबला नाही. "तिला विचारलं होतं का कुणी?"

पलीकडे साच्याला साबणाचं पाणी फासत असलेले बाबा हसले. "ताई, पोरीच्या डोक्यात काहीबाही भरवू नकोस. शाळेत बोलेल आणि मार खाईल."

"खाऊ दे. तू ओत. गाणं संपत आलंय."

मी शाळेत बोलले. मार पडला नाही, पण सगळा वर्ग हसला आणि माझं नाव 'मामी' पडलं. ते शाळा सुटेपर्यंत चिकटून राहिलं.

आमचा कारखाना म्हणजे एक लांबच लांब खोली. छताखाली दांड्यांना टांगलेले साचे, त्यांत द्राक्षांचे घोस, वेली, सिंहांची तोंडं, पंख. नाटकगृहाच्या छतावरची फुलं आमची, बँकेच्या दारावरचे सिंह आमचे, जुन्या दवाखान्याच्या जिन्यावरची वेल आमची. रस्त्यानं जाताना लोक समोर बघतात, आम्ही घरचे वर बघतो. त्यापायी मी लहानपणी दोनदा खांबावर आपटले आहे.

दुसरीकडे आधी मातीत मूर्ती घडवतात आणि मग तिच्यावरून साचा काढतात. आमच्याकडे साचाच कोरतात, सरळ, उलटा. नाक हवं तिथं खड्डा. गाल हवा तिथं पोकळी. डावं हवं तिथं उजवं. हे डोक्याला एकदम पेलत नाही, म्हणून कोरणाऱ्याच्या जागेसमोर भिंतीवर माणसाएवढा आरसा लावलेला आहे. चित्र आरशासमोर धरायचं आणि आरशात दिसेल तसं साच्यात उतरवायचं. आरशाशिवाय, नुसत्या आठवणीतून कोरायचं असेल, तर पाहिलेलं सगळं मनात उलटं करून घ्यायचं. इतक्या वर्षांनी ते आपोआप होतं. मी कुणाच्या केसातला भांग पाहिला तरी मनात तो दुसऱ्या बाजूला गेलेला असतो.

ती खिडकीजवळची, आरशासमोरची जागा आत्याची. तिची डावी बाजू भिंतीला टेकलेली असायची. जेवायला बसली तरी खुर्ची कोपऱ्यातली, फोटो काढायचा तरी मान वळलेली. कारण तिला डावा डोळा नव्हता. रस्त्यानं जाताना तिच्या डाव्या हाताला कायम बाबा चालायचे. पाऊस असो, गर्दी असो, कितीही अरुंद गल्ली असो, ते आधी चालत चालत तिकडे जायचे आणि मग बोलायला लागायचे. बाहेर पडताना ती काळा चष्मा लावायची. कामाला बसल्यावर मात्र चष्म्यावर भुकटी बसते म्हणून तो काढून ठेवायची. माझं बसणं तिच्या उजव्या अंगाला, जरा मागं. तिचा अख्खा, उघडा चेहरा मला दिसायचा तो फक्त समोरच्या आरशात.

डोळा कसा गेला याचं उत्तर घरात सगळ्यांना पाठ होतं. चुन्याची बादली घसरली. आजोबा गेले त्या वर्षी. बस, एवढंच. लहानपणी मी 'कुठून घसरली' असं विचारलं, तर आत्या म्हणाली, "वरून. खालून घसरताना पाहिलीस का कधी?" आणि विषय संपला. भिजवलेल्या चुन्याच्या बादलीला बाबा कुणाला हात लावू देत नाहीत. ते स्वतः ती उचलतात, दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल उचलावं तशी, आणि झाकण बसलं की नाही ते दोनदा बघतात.

एका डोळ्यानं खोली कळत नाही म्हणतात. आत्या खोली अंगठ्यानं बघायची. साच्याच्या पोकळीत अंगठा फिरवायचा, डोळा मिटायचा, आणि "गाल अजून तांदळाएवढा आत" असं सांगायचं. तिच्या हातचे साचे उघडले की आतून बाहेर पडलेली बाई श्वास घेतेय असं वाटायचं.

टेकडीवर तारांगण बांधायला घेतलं तेव्हा तिथल्या संचालकबाई स्वतः कारखान्यात आल्या. त्या सतत आकाशाकडे बघत बोलायच्या म्हणून आम्ही त्यांना दुर्बीणबाई म्हणायचो. पुढं त्यांनाही ते कळलं आणि त्यांनी फोनवर "मी दुर्बीणबाई बोलतेय" असंच म्हणायला सुरुवात केली. त्यांना गोल दालनाच्या भिंतीवर, वर कडेनं, गाडीच्या चाकाएवढे गोल फलक हवे होते आणि प्रत्येक फलकावर जगातल्या एकेका लोकांची चंद्रदेवी.

त्यांनी कोरायच्या फळीवर चित्रं पसरली. त्या दिवशी कुणी काम केलं नाही. बाबा हात पुसत आले. घासून गुळगुळीत करणारी आमची फुंकरही आली. दिवसभर भुकटी फुंकून फुंकून तिचे गाल असे झालेत की गप्प बसली तरी शिट्टी वाजवणार असं वाटतं, म्हणून ती फुंकर.

"ही सेलेने, ग्रीकांची," दुर्बीणबाई म्हणाल्या. "दोन घोड्यांचा रथ हाकते. ही चांगअ, चीनची. अमर व्हायचं औषध प्यायली, हलकी झाली आणि तरंगत चंद्रावर पोचली. तिच्याबरोबर ससा आहे."

"ससा आपल्याकडेही आहे की त्याच्यावर," बाबा म्हणाले.

"तिच्यावर," आत्या म्हणाली.

"ही माया लोकांची, हिच्या मांडीवरही ससाच. ही मावू, आफ्रिकेतल्या फोन नावाच्या लोकांची. म्हातारी आहे, थंड आहे, शहाणी आहे. जग हिनं घडवलं म्हणतात. आणि ही अँडीजच्या डोंगरातली, मामा किल्या."

"बघ!" बाबांनी टाळी वाजवली. "मामाच निघाला शेवटी."

"त्यांच्या भाषेत मामा म्हणजे आई," दुर्बीणबाई हसू दाबत म्हणाल्या. "ग्रहण लागलं की कुठलंतरी जनावर तिला खातंय असं समजून लोक आरडाओरडा करायचे, त्याला पळवून लावायला."

बाबांचं तोंड पडलं. आत्यानं त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसतं "हं" केलं. पण त्या 'हं'मध्ये माझ्या शाळेतल्या सगळ्या वर्गाचा हिशेब चुकता झाला.

पुढच्या चित्रातल्या कोयोल्शाऊकीच्या गालांवर घंटा होत्या. भावानं तिचे तुकडे केले आणि शिर आकाशात भिरकावलं, ते म्हणजे चंद्र, असं ॲझ्टेक लोकांची एक गोष्ट सांगते. फुंकर त्या गालांकडे बघत राहिली आणि म्हणाली, "हिचं काम मला द्या. हिचं दुःख मला कळतं."

मग दुर्बीणबाईंनी एक साधं रेखाचित्र काढलं. "हिचं जुनं चित्र मिळालं नाही. फिलिपिन्सच्या बेटांवरची मयारी. बाप देवांचा राजा. तो गेला, आणि मागं राज्य कुणी करायचं ते सांगून गेला नाही. भाऊ म्हणाला, मी एकटाच करणार. ही म्हणाली, निम्मं माझं. दोघं बांबूचे सोटे घेऊन भांडले. भावाचा घाव हिच्या डोळ्यावर बसला. म्हणून चंद्राचा उजेड सूर्यापेक्षा मंद, कारण तो एकाच डोळ्याचा."

मी आरशात बघितलं. आत्याचा चेहरा होता तसाच होता, फक्त तिचा अंगठा फळीच्या कडेवरून फिरत होता, मागं पुढं, खोली मोजत असल्यासारखा.

"मग?" तिनं विचारलं. "पुढं काय केलं भावानं?"

"त्याला फार वाईट वाटलं. त्यानं निम्मं राज्य तिला दिलं. दिवस त्याचा, रात्र तिची."

"दिलं?"

"गोष्टीत तसं आहे."

"गोष्ट सांगणारा भाऊ असणार कुणाचातरी," आत्या म्हणाली.

बाबा उठले आणि चुन्याचं झाकण नीट बसलंय का ते बघायला गेले.

हे सगळे साचे आत्याच कोरणार असं मी धरून चालले होते. पण दुर्बीणबाई गेल्यावर ती खिडकीच्या जागेवरून उठली आणि स्वतःची कोरणी, मूठ झिजून तिच्या बोटांच्या आकाराची झालेली, माझ्यासमोर ठेवली. "माझा अंगठा हल्ली ऐकत नाही. तू कोर. मी बघेन."

"सगळे?"

"नाही, निम्मे मी कोरते आणि निम्मे चंद्र येऊन कोरेल. बस तिथं."

मी बसले. पहिले काही दिवस त्या जागेवर मला पाठ टेकायला धीर होत नव्हता.

आमच्या कामात चेहऱ्याचा एक नियम आहे, आजोबांच्याही आधीपासूनचा. चेहरा हवेतून आणायचा नाही, पाहिलेल्या माणसाचा घ्यायचा. आणि तो कुणाचा हे कोरणाऱ्यानं कुणालाही सांगायचं नाही. ज्याचा आहे त्यानं ओळखला तर ओळखला. बँकेच्या दारावरच्या सिंहात कोणाचे डोळे आहेत हे मला आजही माहीत नाही, मात्र तिथल्या एका जुन्या कारकुनाचं कुटुंब दर वेळी त्या सिंहाकडे बघून पदर सावरतं.

मी शहरातल्या बायका गोळा केल्या. तोंडानं कुणाला सांगितलं नाही, इथं कागदावर तेवढं लिहिते. सेलेनेचे हात बस चालवणाऱ्या बाईंचे. मावूचं कपाळ नाक्यावर कुलपं दुरुस्त करणाऱ्या म्हातारीचं, ती किल्ली कानाशी धरून ऐकते तेव्हाचं. चांगअची हनुवटी माझ्या शाळेतल्या बाईंची, ज्या मला मामी म्हणणाऱ्यांना कधीच रागावल्या नाहीत. त्यांना मी चंद्रावर पाठवून दिलं, ससा सोबतीला देऊन. कोयोल्शाऊकीचे गाल कुणाचे ते लिहीत नाही. साचा उघडल्यावर फुंकर तासभर त्या गालांना पॉलिशकागद लावायलाच तयार होईना.

मयारी मी शेवटी ठेवली. तिच्यासाठी मला दुसरा चेहरा सुचत नव्हता आणि हाच घ्यायची हिंमत होत नव्हती. आयुष्यभर जिनं एक बाजू भिंतीला लावून ठेवली, तिची तीच बाजू मी गावभर दाखवायची? आणि विचारायचं तरी कसं? विचारलं की नियम मोडला. शेवटी मी मनाशी ठरवलं की आमच्या घराण्यात इतका उत्तम चेहरा दुसऱ्या कुणाचा नाही, आणि तो शहरातल्या सगळ्यांत उंच दारावर असायला हवा. तिला आवडला नाही तर मी स्वतः हातोडीनं फोडेन. दुर्बीणबाईंना सांगून टाकलं, मुख्य दारावर मयारी बसेल. त्या लगेच हो म्हणाल्या.

कोरताना आत्या समोर नव्हती. मयारीच्या दिवसांत ती मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसायची, जुन्या साच्यांची डागडुजी करत. मी आठवणीतून कोरलं. ती कपाळावरची आडवी रेघ, नाकाचा किंचित वाकलेला शेंडा, ओठ मिटताना खालचा ओठ आत ओढायची सवय. मिटलेला डोळा कोरताना मला कुठलीही चिरफाड नको होती. नुसती एक शांत पापणी, कायमची खाली आलेली. आणि उघडा डोळा असा, की कुणी दारातून आत शिरताना त्याला वाटावं, आपण आलो हे हिला आधीच माहीत होतं.

ओतायच्या दिवशी प्लास्टर बाबांनी ढवळलं, गाणं मी म्हटलं. पहिल्यांदाच. 'घट्ट होईल चांदणं' म्हणताना आवाज फाटला, पण वेळ बरोबर जमली.

फलक उलटला, साचा वर उचलला, आणि मयारी बाहेर आली. फुंकरनं तोंडावरची भुकटी एका फुंकरीत उडवली.

मिटलेला डोळा उजवा होता.

मी कशी चुकले ते मला तिथंच उभ्या उभ्या कळलं. पाहिलेला चेहरा मनात उलटा करून कोरायचा, हे हातात इतकं मुरलेलं, की मी तो उलटा केला. पण आत्याचा उघडा चेहरा मी समोरून पाहिलाच नव्हता कधी. मी तो आरशात पाहिला होता, आधीच उलटा झालेला. तो जसाच्या तसा कोरायला हवा होता. साचे कोरणाऱ्यांच्या घरात जन्माला आल्याशिवाय अशी चूक कुणाच्या हातून होणार नाही.

"कुठंतरी पाहिलीय ही बाई," फुंकर मान तिरकी करून म्हणाली. "पण कुठं ते येत नाहीये. दवाखान्यात का?"

बाबांनी बघितलं, आणि बादली धुवायला घेतली. धुतलेलीच बादली होती ती.

आत्या खोलीच्या टोकाकडून आली. चष्मा काढलेला. फलकासमोर उभी राहिली आणि अंगठा कपाळावरच्या रेघेवरून, नाकावरून, ओठावरून फिरवत मिटलेल्या पापणीवर आणला. तिथं तो बराच वेळ थांबला.

"डोळा चुकलाय," मी म्हटलं. "बाजू चुकली माझी. फोडते मी. परत कोरते."

"हात लावून तर बघ."

एवढंच. ना 'छान', ना 'वाईट'. तिनं ओळखलं की नाही, ओळखलं असेल तर रागावली की काय, मला काही कळेना. जेवताना ती वाटीतली भाजी चिवडत बसली आणि बाबांनी मीठ मागितलं तेव्हा तिनं त्यांना पाणी दिलं.

फलक टेकडीवर गेले, चढवले गेले, आणि उद्‌घाटनाआधी एका सकाळी आम्हा सगळ्यांना आणि गावातल्या लोकांना बघायला बोलावलं. मी ती सकाळ विसरणार नाही. वरच्या गोल झरोक्यातून ऊन उतरत होतं आणि त्या सगळ्या बायका भिंतीभर उजळल्या होत्या. बस चालवणाऱ्या बाई ड्यूटीच्या कपड्यांतच आल्या होत्या. त्या सेलेनेखाली थांबल्या, घोड्यांच्या लगामावरचे हात बघितले, मग स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघितले, आणि हळूच खिशात घातले. कुलपंवाली म्हातारी मावूकडे बघून म्हणाली, "हिला ऐकू येतंय काहीतरी." मी भिंतीला टेकून उभी होते. माझे पाय जमिनीवर आहेत की नाहीत हे मला सांगता आलं नसतं.

आत्या मुख्य दाराशेजारच्या खांबाला डावा खांदा लावून उभी होती, काळा चष्मा लावून. खांब आणि ती यांच्यामध्ये जागाच नव्हती, तरी बाबा कसेबसे तिच्या डाव्या अंगाला घुसून उभे होते.

बांधकामाचे साहेब शेवटी आले. माणूस वाईट नव्हता. गळती, भेगा आणि लोकांच्या तक्रारी यांतच त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्यांनी सगळ्या फलकांचं मनापासून कौतुक केलं, फुंकरला तर वाकून नमस्कारच केला. मग मुख्य दाराखाली आले आणि थबकले.

"हिचा डोळा तुटलाय का?"

"तुटलेला नाही," मी म्हटलं. "ती तशीच आहे. एका डोळ्याची."

"अगं पण दारावर? आत येणारा प्रत्येक माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार, तुटलंय का म्हणून. मग मला चिठ्ठ्या येणार. हिला आपण मागच्या जिन्याशी घेऊ, तिथं छान दिसेल. नाहीतर," त्यांचा आवाज मवाळ झाला, "दुसरा डोळा उघडून टाकता येणार नाही का? तुमच्या हाताला काय अवघड आहे?"

"साहेब, तिची गोष्टच ती आहे," दुर्बीणबाई म्हणाल्या. "मी खाली पाटी लावते."

"पाटी कोण वाचतं हो, बाई? लोक चेहरा वाचतात."

ते बरोबर बोलत होते. मला एकच उत्तर माहीत होतं आणि ते सांगायची मला बंदी होती. मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते. शिडी आणायला माणूस वळलासुद्धा.

"थांब रे," आत्या म्हणाली.

ती खांबापासून सुटली. भिंत नाही, कोपरा नाही, डाव्या अंगाला कुणी नाही. दाराच्या मधोमध चालत आली आणि मयारीच्या बरोबर खाली, आमच्याकडे तोंड करून उभी राहिली. चष्मा काढला. घडी घातली. माझ्या हातात दिला.

वर एक चेहरा, खाली एक चेहरा. वरचा उजवा डोळा मिटलेला, खालचा डावा. चित्र आणि त्याचं आरशातलं रूप असावं तसे.

"अगंबाई!" फुंकरनं तोंडावर हात ठेवला. "मी दवाखाना दवाखाना काय करत होते!"

"साहेब," आत्या म्हणाली, "हा चेहरा मी रोज सकाळी आरशात बघते. दुसऱ्या कुणी असा बघितला नाही, मी बघू दिला नाही. या मुलीनं बघितला. बाजूसकट. माझ्या बाजूनं."

साहेबांनी टोपी काढली होती, ती आता हातात काय करायची ते त्यांना कळत नव्हतं. "माफ करा, मला काय माहीत... काय झालं होतं डोळ्याला?"

मी, बाबा, फुंकर, आम्हा सगळ्यांच्या ओठांवर उत्तर तयार होतं. इतक्या वर्षांचं पाठ.

"चुन्याची बादली..." मी सुरुवात केली.

"घसरली नव्हती," आत्या म्हणाली.

"ताई," बाबांचा आवाज पार खाली गेला होता. "ताई, राहू दे ना."

"तू गप्प. इतकी वर्षं मी गप्प बसले, आता थोडा वेळ तू बस." ती हसली, आणि हात पुढं करून तिनं बाबांना बोलावलं. ते आले. सवयीनं तिच्या डाव्या हाताला जाऊन उभे राहिले. तिनं त्यांचा दंड धरला आणि आमच्याकडे बघितलं. वरून मयारीही बघत होती.

"आमचे वडील गेले आणि खिडकीची जागा कुणाची ते सांगून गेले नाहीत. हा म्हणाला, माझी. मी म्हटलं, कोरता मला येतं. भांडलो. मी त्याला सोटा मारला, त्यानं बादलीला लाथ मारली. त्याला वाटलं नव्हतं ती माझ्यावर येईल. त्या दिवसापासून तो मला काही देऊ बघतोय, जागा दिली म्हणतो, कारखाना दिला म्हणतो." तिनं त्यांचा दंड घट्ट दाबला. "मी कधी बोलले नाही, कारण माझा भाऊ चांगला आहे. पण आज ऐकून घ्या. मला कुणी काही दिलं नाही. डोळ्याला पट्टी होती तेव्हा, एका हातानं भिंत चाचपत मी त्या खिडकीशी गेले आणि बसले. ती जागा मी घेतली."